टायरच्या दुकानामागची भिंत

होमस्टेडच्या दक्षिणेला, जिथे रोपवाटिका संपतात
आणि दलदलीला अजून धीर होत नाही,
तिथे टायरच्या बंद दुकानामागे
एक दिवा रात्रभर जळायचा, कुणासाठी ते ठाऊक नाही.
दिव्यामागून किडे यायचे. किड्यांमागून पाली.
पालींमागून ओदालिस बारो.
ओदालिसमागून मी, बादली घेऊन, अकरा वर्षांचा.

बासष्टीची बाई. दिवसा लोकांच्या बागांतले पंप दुरुस्त करायची,
रात्री कपाळाला बॅटरी बांधायची.
म्हणायची, पाल शोधू नकोस, डोळे शोध.

भाताच्या शितांसारख्या फिकट पाली होत्याच भिंतभर,
भूमध्य समुद्राकडून कुणाच्या तरी सामानात आलेल्या.
त्यांच्याकडे ती बघायचीही नाही.
तिला हवा होता तो निळसर राखाडी,
अंगावर शेंदराचे ठिपके,
रात्री स्वतःचंच नाव पुकारणारा: टो-के, टो-के.
म्हणे कुणा व्यापाऱ्याची पेटी फुटली,
किंवा कुणी झुरळांवर उतारा म्हणून मुद्दाम सोडला.
दोन्ही गोष्टी ती सारख्याच खात्रीने सांगायची.

एका रात्री तिने भेगेत हात घातला
आणि हात बाहेर आला तो एकटा नव्हता.
अंगठ्याला तो लटकलेला.
पापण्याच नसतात त्याला, डोळे वटारलेलेच.
ओढू नकोस, ती माझ्यावर खेकसली, जणू मी ओढणार होतो.
बादलीत पाणी. पाण्यात अंगठा. अंगठ्याला तो.
आम्ही टायरांच्या ढिगावर बसून राहिलो,
सतरा मिनिटं.
मला वाटत होतं आता ही बोटीची गोष्ट सांगेल,
शाळेत प्रत्येकाच्या घरची एकेक बोट होती.
तिने वॉशरबद्दल सांगितलं.
कुठला वॉशर कुठल्या पंपाला, आणि का गळतो.

मग म्हणाली, याला धरायला कायद्याची ना नाही.
धरल्यावर सोडायला आहे.
पाणी गुलाबी झालं तेव्हा कुठे त्याने जबडा सैल केला.

घरी काचेची पेटी, बुचाच्या सालीचे तुकडे, वर जुना टॉवेल.
तीन आठवडे त्याने काही खाल्लं नाही.
विष्ठेची डबी घेऊन ती डॉक्टरकडे गेली, बसने,
डबी मांडीवर, दोन्ही हात डबीवर.
जंत निघाले. बोटांच्या बेचक्यांत लाल पिसवांसारखं काही निघालं,
ते तिने भिंगाखाली एकेक टिपलं,
चावलेल्याच हाताने.
चौथ्या आठवड्यात एक झुरळ कमी भरलं.
तिने रात्री साडेअकराला फोन केला.
वडील दचकून उठले: कोण गेलं?
कुणी नाही, मी म्हटलं, जेवला.

नाव ठेवलं सार्जंट.
सार्जंट वर्षभर ओरडला नाही.
वारा पडलेल्या रात्री भिंतीवरचा दुसरा कुणी पुकारायचा, दोन गल्ल्या ओलांडून,
तेव्हा हा सालीआडून फक्त डोकं काढायचा.
तेव्हाच आमच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.
आम्ही म्हणालो, रुसलाय.

मार्चमध्ये टॉवेल काढला तर काचेला दोन अंडी,
उजव्या कोपऱ्यात, सिमेंटने बसवावीत तशी.
खरवडायला गेलं तर फुटतात.
आणि सार्जंट त्यांच्यावर पंजे पसरून, जबडा उघडून,
आमच्या दोघांवर पहारा देत.
ओदालिस बराच वेळ हसली, मग खोकली,
मग म्हणाली, मूर्ख. कोणाला ते कळलं नाही.

पेटी आता माझ्याकडे आहे. वहीसुद्धा.
तिच्या अक्षरात रकाने: तारीख, वजन, सापडल्याचं ठिकाण.
पहिल्या ओळीत टायरच्या दुकानाची मागची भिंत.
खालच्या दोन ओळींत, ऑगस्टची तारीख,
आधी काहीतरी लिहून खोडलेलं, दोनदा,
आणि मग पेन दाबून:
स्वयंपाकघर. काच. उजवा कोपरा.